दहाव्या दिवशी पिल्लू बसतं: खाकी कॅम्पबेल बदकांच्या पायांचं दुखणं

पिल्लं अंड्यातून सुखरूप बाहेर येतात. आठवडाभर पाण्याच्या घमेल्याभोवती शिट्ट्या मारत पळतात. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी त्यातलं एक खाली बसतं. खातं-पितं, डोळे टवटवीत असतात, जवळ गेलं की मान वर करून बघतं, पण उठत नाही. उठलंच तर दोन पावलं टाकून पुन्हा बूड टेकतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बसतं. आठवड्याभरात निम्मी पिल्लं सांध्यांवर सरपटायला लागतात.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या परसात हे सलग दोन वर्षं झालं. तिसऱ्यांदा होऊ दिलं नाही. ज्यांच्या अंगणात आत्ता असं एखादं पिल्लू बसलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, म्हणून आज काय करायचं ते आधी सांगते. कारणांकडे नंतर वळू.

आज काय करायचं

बसलेलं पिल्लू घोळक्यातून बाजूला काढा, नाहीतर इतर पिल्लं त्याला तुडवतात. पण एकटं ठेवू नका. एक धडधाकट सोबती त्याच्याबरोबर द्या, एकटं पडलेलं पिल्लू ओरडून ओरडून थकतं. खाली वर्तमानपत्र असेल तर काढून टाका आणि गोणपाट अंथरा. खाद्य आणि पाणी बसल्या जागी चोच पोचेल असं ठेवा. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं. बदकाला प्रत्येक घासाबरोबर पाणी लागतं, त्याशिवाय कोरडं खाद्य घशात अडकतं.

मग औषधाच्या दुकानातून साधी निकोटिनामाइडची गोळी किंवा पूड आणा. यालाच नायसिनामाइड म्हणतात, म्हणजे जीवनसत्त्व बी३ किंवा नायसिन. पिल्लं अशी बसतात ती बहुधा याच्याच कमतरतेनं. पोटात सावकाश विरघळणारी गोळी नको, आणि माणसांच्या कोलेस्टेरॉलसाठी दुसऱ्या औषधाबरोबर एकत्र केलेली तर मुळीच नको. पिण्याच्या एक लिटर पाण्यात २५ ते ४० मिलिग्रॅम जायला हवं. एवढी बारीक मात्रा घरात मोजता येत नाही, म्हणून मी असं करते: ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवते. म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम झालं. त्यातलं ३० मिलिलिटर पाणी एक लिटर पिण्याच्या पाण्यात घालते. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवते. पिण्याचं पाणी रोज नवं करायचं, आणि पिंजऱ्यात दुसरं साधं पाणी ठेवायचं नाही. गोळी मिळाली नाही तर बी-कॉम्प्लेक्सच्या सिरपच्या बाटलीवर नायसिनामाइडचा आकडा वाचा आणि तोच हिशेब करा. बसलेल्या पिल्लाबरोबरच हे पाणी सगळ्यांनाच द्या, कारण बाकीची पिल्लंही तेच खाद्य खात असतात.

दिवसातून दोनदा घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाच-पाच मिनिटं पिल्लाला पोहू द्या, तुमच्या डोळ्यांसमोर. पाण्यात अंगाचा भार पायांवर येत नाही आणि पाय हलते राहतात. बाहेर काढल्यावर नीट पुसा. कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांच्या पिसांना आई-बदकाच्या अंगाचं तेल लागलेलं नसतं. ती लवकर भिजतात आणि गारठतात.

वेळेत धरलं तर दोन-तीन दिवसांत पिल्लू उभं राहतं.

पण हे तेच दुखणं आहे ना?

पाय जाण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते.

नायसिनची कमतरता पहिल्या आठवड्यानंतर दिसते आणि हळूहळू वाढते. आधी पिल्लू वारंवार बसतं, मग चालताना पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकतात, मग पायाच्या मधला सांधा जाड होतो. हा सांधा म्हणजे पक्ष्याचा मागे वळणारा गुडघा, असं आपण समजतो, पण खरं तर तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पिल्लाची भूक मात्र शाबूत असते. पाय गेलेत आणि तरी ते खाद्याकडे सरपटत जातंय, ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात खात्रीची खूण.

पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही पाय दोन दिशांना फाकून पडलं असेल तर दोष बहुधा गुळगुळीत जमिनीचा. गोणपाट अंथरा आणि मऊ चिकटपट्टीनं दोन्ही पाय अंगाखाली येतील इतक्या अंतरावर तीन-चार दिवस बांधून ठेवा. यात उशीर करू नका, या वयात हाडं रोज घट्ट होत जातात.

चोच बोटानं हळूच दाबून बघा. ती रबरासारखी वाकत असेल तर तो मुडदूस आहे. ऊन, ड३ जीवनसत्त्व आणि खाद्यातलं कॅल्शियम-फॉस्फरस यांचा प्रश्न. बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेल्या पिल्लांत हा दिसतो.

काही तासांत एकदम दोन-चार बदकं लुळी पडली, मान धरवत नसेल, तर परिसरात मेलेलं काही कुजतंय का, त्यावर अळ्या आहेत का, ते शोधा. हे बोट्युलिझम, म्हणजे कुजक्यातल्या जंतूंच्या विषानं येणारा लुळेपणा, असू शकतं आणि मोठ्या बदकांनाही होतं. आणि सहा आठवड्यांच्या आतली पिल्लं पाय ताणून, मान पाठीकडे वळवून पटापट मरत असतील तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नका. तो बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो, बुरशीच्या विषानंही असंच चित्र दिसतं. मेलेलं पिल्लू पिशवीत घालून सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आमचं कुठं अडलं

आमच्याकडची बदकं खाकी कॅम्पबेल. ही जात सव्वाशे वर्षांची. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या उली गावच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंडियन रनर, रुआँ आणि रानटी मॅलार्ड यांच्या संकरातून १८९८ च्या सुमारास ती तयार केली. पुढे सैनिकांच्या गणवेशाचा रंग आला म्हणून तिला खाकी नाव मिळालं. फारसी 'खाक' म्हणजे माती. आपल्याकडून इंग्रजी फौजेच्या अंगावर गेलेला शब्द असा बदकाच्या पाठीवर बसून परत आला, याचं मला फार अप्रूप वाटतं. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. आणि रनरचं रक्त असल्यामुळे ती दिवसभर चालते, हुंगते, चिखल उपसते. म्हणूनच या जातीत पाय गेलेलं पिल्लू बघवत नाही.

या जातीची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. तेव्हा कोकणात पूर्वापार करतात तेच आम्हीही करतो: खुडूक कोंबडीला बदकाची सात-आठ अंडी घालून रवणीला बसवतो. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवस घेतात, पण कोंबडी बिचारी चिकाटीनं बसून राहते.

पहिल्या वर्षी पिल्लं जूनच्या शेवटी निघाली. कोंबडी त्यांना घेऊन मोकळी फिरायची. परसातून पाणंदीत, पाणंदीतून भाताच्या तरव्यात. पिल्लं पाण्यात उतरायची आणि कोंबडी मेरेवर उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडायची. संध्याकाळी सगळी परत. बाजारातून आणलेलं कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य सकाळ-संध्याकाळ घालत होते. एकाही पिल्लाचा पाय वाकडा झाला नाही. माझ्या मनानं तेव्हाच नोंद करून टाकली की खाद्य चांगलं आहे. पुढची दोन वर्षं मला याच नोंदीनं फसवलं.

दुसऱ्या वर्षी मुंगसानं एका आठवड्यात तीन पिल्लं नेली. म्हणून मागच्या पडवीत जाळी मारली, खाली सिमेंटचा कोबा होताच, आणि उरलेली पिल्लं आत ठेवली. खाद्य तेच, त्याच दुकानातलं. अकराव्या दिवशी पहिलं पिल्लू बसलं. सासूबाई म्हणाल्या, "पायांक वारो लागलो." कोब्याचा गारवा बाधला असेल हे मलाही पटलं. गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेक दिला, खोबरेल तेल चोळलं. मग वाटलं कॅल्शियम कमी पडलं असेल, म्हणून शिंपल्यांची पूड घातली. मग जीवनसत्त्वाचे थेंब आणले आणि पाण्यातून दिले. काही उपयोग झाला नाही, त्यामुळे "जीवनसत्त्वं देऊन झाली, ते कारण नाही" अशी माझी समजूत झाली. बाटलीवर काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. त्यात अ, ड३, ई आणि बी१२ होतं. नायसिनचं नाव नव्हतं. पक्ष्यांसाठी विकली जाणारी अशी अनेक औषधं याच चार जीवनसत्त्वांची असतात. तुम्हीही बाटली हातात घेऊन वाचा.

तिसऱ्या वर्षी कोब्यावर गोणपाट घातलं, त्यावर भाताचा पेंढा, ऊन येईल अशी जागा. तरी तेच. नऊ पिल्लांपैकी पाच बसली.

त्या खेपेला एक पिल्लू जाळीच्या कोपऱ्यातून रोज निसटायचं आणि शेणाच्या खड्ड्याकडे जायचं. मी रोज पकडून आत टाकायची. एक दिवस ओरडत त्याच्या मागे धावताना जाणवलं की हे पिल्लू सरळ पायांवर धावतंय, सगळ्यांत जोरात. त्याच कोंबडीखालचं, त्याच गोणीतलं खाणारं. फरक एवढाच की दिवसातून तासभर ते किडे, अळ्या आणि गांडुळं खात होतं. पहिल्या वर्षीची पिल्लंही तेच करत होती.

बदकं पाळलेल्या एका पशुवैद्यकांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खाद्य कोंबडीचं आहे का?" पुढचं मग उलगडलं. औषध सुरू केल्यावर तीन पिल्लं तिसऱ्या दिवशी चालली, चौथ्याला आठ दिवस लागले. पाचवीचा पाय तोवर फिरला होता. सांध्यामागची शीर (कंडरा) जागेवरून सरकली की ती पुन्हा बसत नाही.

कोंबडीचं खाद्य बदकाला का पुरत नाही

कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यातून साधारण २७ ते ३५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, बदकाला ५५. हे आकडे अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यातले. फरकाचं कारण यकृतात आहे. बहुतेक प्राणी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतःच बनवतात. बदकाच्या यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ट्रिप्टोफॅनला वाटेतच दुसरीकडे वळवतं, त्यामुळे नायसिन फारच थोडं तयार होतं. म्हणजे बदकाला ते तयारच मिळायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, खाद्यात मका आहे, भाताचा कोंडा आहे, कोंड्यात तर नायसिन भरपूर. मीही अन्नघटकांचा तक्ता बघून कोंडा वाढवला होता. पण तृणधान्यांतलं बरंचसं नायसिन बांधलेल्या रूपात असतं, आतड्यातून ते शोषलं जात नाही. मक्याचं तसंच. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात तेव्हा ते मोकळं होतं, म्हणून तिथल्या मका खाणाऱ्यांना त्रास झाला नाही. इतरत्र नुसत्या मक्यावर जगणाऱ्या माणसांना याच जीवनसत्त्वाअभावी पेलाग्रा हा कातडीवर उठणारा रोग व्हायचा. आपल्या दख्खनच्या पठारावरही ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा आढळला होता, आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला होता. माणसाच्या कातडीवर उठतं ते बदकाच्या पायात उतरतं.

मग केरळात कुट्टनाडची माणसं 'चारा' आणि 'चेंबल्ली' या तिथल्या जातींच्या बदकांचे मोठमोठे कळप पिढ्यानपिढ्या कसे सांभाळत आली? कापणी झालेल्या भातखाचरांत कळप सोडायचा, एक खाचर संपलं की पुढच्यात न्यायचा. सांडलेलं भात तर तिथं असतंच, पण गोगलगायी, किडे, छोटे मासेही असतात. नायसिन या सजीव चाऱ्यातून येतं. आपण मुंगसाच्या भीतीनं जाळी मारतो तेव्हा बदकाचं निम्मं ताट जाळीबाहेर राहतं. जाळी मारायलाच हवी, त्यात वाद नाही. पण बाहेर राहिलेलं ताट आत आणून द्यायची जबाबदारी मग आपली.

आता मी काय घालते

पिल्लू खायला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून आठ-दहा आठवड्यांचं होईपर्यंत किलोभर खाद्यात ७५ ते १०० ग्रॅम ब्रूअर्स यीस्टची पूड. हे मेलेलं, सुकवलेलं यीस्ट असतं. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट ओल्या खाद्यात घालू नका, ते आंबतं. कोरड्या खाद्यात पूड तळाला जाते आणि पिल्लं वरचं तेवढं खातात, म्हणून मी खाद्य पाणी शिंपडून ओलसर करते आणि हातानं कालवते. उरलेलं संध्याकाळी फेकून देते. यीस्टचा वास पिल्लांना आवडतो, घालायचा अवकाश की डबा रिकामा.

खाद्य निवडताना औषध न घातलेलं चिक स्टार्टर मागा. बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं, त्यामुळे खाद्यात मिसळलेल्या औषधाची मात्राही त्याच्या पोटात जास्त जाते. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर अंग फार झपाट्यानं वाढवतं आणि आधीच कच्च्या पायांवर भार टाकतं. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर मॅश पिल्लांना कधीही नको, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

जोडीला मूठभर गांडुळं, बिनमिठाचा सुका जवळा कुटून, आणि मटारच्या दिवसांत चेचलेले मटार. गांडुळांसाठी परसाच्या कोपऱ्यात ओलं गोणपाट पसरून ठेवलं की सकाळी उचलून खाली मिळतात.

शेंगदाण्यातही नायसिन चांगलं असतं, पण शेंगदाण्याची पेंड मी पिल्लांना घालत नाही आणि पावसाळ्यात तुम्हीही घालू नये असं मला कळकळीनं वाटतं. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेतल्यावर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक असतं की पुढे ते विष ओळखण्याच्या चाचणीसाठीच पिल्लं वापरली जायची. आमच्याकडे जुलैत भिंतींना घाम फुटतो. गोणी जमिनीवर ठेवली तर पंधरा दिवसांत तळाला गुठळ्या होतात. आता मी दहा किलोच्या वर खाद्य आणत नाही, घट्ट झाकणाच्या पिंपात, फळीवर ठेवते, आणि कुबट वास आला की सगळं खड्ड्यात पुरते. उन्हात वाळवून किंवा भाजून वापरायचा मोह होतो, पण त्यानं बुरशी मेली तरी विष जात नाही.

वाकड्या पायाची ठकी

ती पाचवी म्हणजे ठकी. ती आता दोन वर्षांची आहे, लंगडत का होईना फिरते आणि अंडीही देते. तिच्यासाठी पाण्याची टाकी जमिनीच्या पातळीला पुरली आहे, उतरायला सपाट दगड लावलेत. रात्रीच्या खुराड्याला पायरी नाही, सरळ आत चालता येतं. सगळा भार एकाच पायावर असल्यामुळे त्या तळव्याला घट्टा पडतो, त्यातून काळी खपली आणि आत पू होऊ शकतो. दर रविवारी तिला मांडीवर घेऊन तळवा धुऊन बघते. असं पिल्लू तुमच्याकडे असेल तर तळव्याकडे लक्ष ठेवा, कारण मोठेपणी त्याचं खरं दुखणं तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पिल्लू पहिले काही दिवस बलकातून मिळालेल्या साठ्यावर निभावून नेतं, म्हणून ते लगेच बसत नाही, आठवडा उलटल्यावर बसतं. हा साठा आईच्या खाण्यातून येतो. त्यामुळे रवणीसाठी अंडी ठेवायची असतील त्याआधी महिनाभर मी मोठ्या माद्यांच्या खाद्यातही यीस्ट घालते, किलोला मूठभर. यंदा एप्रिलपासूनच सुरू केलं आहे. कोंबडी कालच खुडूक झाली, तिच्याखाली आठ अंडी ठेवलीत, त्यातली तीन ठकीची.